एका रुळावरचं आयर्लंड

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनात वॉटरफर्डची गाडी लागली, की डब्यात शिरणारी माणसं आधी मान वर करून बघतात. प्रत्येक सीटच्या वर एक छोटी पट्टी असते आणि ज्यानं ऑनलाइन आरक्षण केलंय त्याचं नाव तिथं उमटतं. मर्फी, केली, ओब्रायन अशा नावांच्या रांगेत हल्ली एखादे कुलकर्णी किंवा सावंतही दिसू शकतात. २०२२ च्या आयरिश जनगणनेत तिथल्या भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांच्या पुढे गेली होती. आयटी कंपन्या, औषधांचे कारखाने आणि इस्पितळं यांनी ही माणसं तिथं नेली. मालवण तालुक्यातल्या वराडच्या एका डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. तेव्हापासून आयर्लंड हे नाव कोकणातल्या घराघरांत ओळखीचं आहे.

मुलगा किंवा मुलगी तिथं असली, की आईवडील जातात, भाऊबहीण जातात. लंडनला गेलेले लोकही चार दिवस काढून डब्लिनला उतरतात. आणि बहुतेकांचा बेत एकाच पद्धतीनं बिघडतो. मुक्काम डब्लिनला ठेवायचा आणि रोज पहाटे एका सहलीच्या बसमध्ये बसायचं. एक दिवस पश्चिमेचे मोहरचे कडे, दुसऱ्या दिवशी उत्तरेचा जायंट्स कॉजवे. जाताना साडेतीन तास, येताना साडेतीन तास. देश दिसतो तो बसच्या काचेतून, पावसाच्या थेंबांआडून.

आयर्लंडची ऐतिहासिक शहरं लहान आहेत. किलकेनी किंवा वॉटरफर्डचा जुना भाग एका दमात पायी पार होतो. अशा शहरात रात्रीचा मुक्काम केला, सकाळी दुकानं उघडायच्या आधी एक फेरी मारली आणि संध्याकाळी तीच फेरी परत मारली, तर ते शहर समजायला लागतं. त्यासाठी चार रात्री पुरतात, पण एका अटीवर. रेल्वेचा एकच मार्ग धरायचा आणि बाकीचा नकाशा निश्चयानं मिटून ठेवायचा. ह्यूस्टन ते किलकेनी दीड तास, किलकेनी ते वॉटरफर्ड पाऊण तासाच्या आत. या लेखातला बेत या एका मार्गाचा आहे.

स्टेशनांच्या पाट्यांवरची माणसं

१९६६ मध्ये आयर्लंडनं पंधरा रेल्वे स्टेशनांना नवी नावं दिली. १९१६ च्या ईस्टर उठावाला पन्नास वर्षं होत होती. उठाव फसल्यावर ब्रिटिशांनी ज्यांना मृत्युदंड दिला, त्यांची ही नावं. शॉन ह्यूस्टन पंचविशीतला तरुण, रेल्वेतच कारकून होता. त्याचं नाव डब्लिनच्या मोठ्या स्टेशनला मिळालं. किलकेनीचं स्टेशन टॉमस मॅकडोनाचं. हा कवी आणि शिक्षक, काही काळ किलकेनीच्याच एका शाळेत शिकवणारा. वॉटरफर्डचं स्टेशन जोसेफ प्लंकेटचं.

तिघांनाही मे १९१६ मध्ये एकाच अंगणात गोळ्या घातल्या गेल्या. ते अंगण किलमेनम तुरुंगातलं, आणि तो तुरुंग ह्यूस्टन स्टेशनपासून पायी पंचवीस मिनिटांवर आहे. म्हणून या बेतातली किलमेनमची जागा ठरलेली आहे: डब्लिनमधून निघायच्या सकाळी. तुरुंग बघून स्टेशनवर यायचं आणि गाडीत बसायचं. मग पुढच्या दोन्ही फलाटांवरच्या पाट्या नुसत्या पाट्या राहत नाहीत.

किलमेनम १७९६ मध्ये सुरू झाला आणि १९२४ मध्ये बंद पडला. त्यानंतर छपरं कोसळली, अंगणात झाडं उगवली. १९६० पासून स्वयंसेवकांनी पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी येऊन तो साफ केला, उभा केला. आज तिथं गाइडबरोबरच फिरता येतं. जुन्या भागातले बोळ अंधारे आणि ओलसर आहेत. १८४५ नंतरच्या दुष्काळात इथं इतकी गर्दी झाली, की एकेका कोठडीत चार-पाच माणसं कोंबली जात. भाकरी चोरणारी मुलंही त्यांत होती. बाहेर उपाशी मरण्यापेक्षा तुरुंगातलं मिळेल ते अन्न बरं, म्हणून मुद्दाम गुन्हा करून आत येणारे लोक होते. मग गाइड गटाला पूर्वेकडच्या भागात नेतो. तीन मजले कोठड्या, मधे उंच मोकळी जागा, वर काचेचं छप्पर. मधोमध उभा राहिलेला एक पहारेकरी जवळपास सगळी दारं एका नजरेत टिपू शके.

लहानशा प्रार्थनागृहात सगळे बाकांवर बसतात. ३ मे १९१६ च्या रात्री उशिरा इथं जोसेफ प्लंकेट आणि चित्रकार ग्रेस गिफर्ड यांचं लग्न लागलं. काही तासांनी, ४ मेच्या पहाटे, प्लंकेटला गोळ्या घातल्या. ग्रेसची बहीण म्युरिएल ही टॉमस मॅकडोनाची बायको. त्याला आदल्याच पहाटे मारलं होतं. म्हणजे किलकेनी आणि वॉटरफर्ड या दोन स्टेशनांवर ज्यांची नावं आहेत ते नात्यानं साडू, आणि दुसऱ्याचं लग्न लागलं तेव्हा पहिला जिवंत नव्हता. पुढे यादवी युद्धात ग्रेस स्वतः इथं कैदी होती. तिनं कोठडीच्या भिंतीवर रंगवलेल्या माता मेरीच्या चित्राची जागा आजही दाखवतात.

इथून १९२४ मध्ये सुटलेल्या शेवटच्या कैद्यांत एमन डी व्हॅलेरा होते. १९३७ ची आयरिश राज्यघटना त्यांच्या पुढाकारानं आली. भारताच्या घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणाचा नमुना त्याच घटनेतून घेतलेला आहे.

आधी तुरुंगाचं तिकीट

किलमेनमचं तिकीट दारात मिळेल या भरवशावर जाऊ नये. ऑनलाइन विक्री २८ दिवस आधी खुली होते आणि उन्हाळ्यात चांगल्या वेळा भराभर संपतात. कोणी रद्द केलेली थोडी तिकिटं त्याच दिवशी सकाळी वेबसाइटवर परत दिसतात, पण त्यावर चार दिवसांचा बेत उभा करता येत नाही. म्हणून या सहलीचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी किलमेनमची वेळ पक्की करायची, मग तिच्या मागे-पुढे रेल्वे, मग हॉटेलं. गाइडची फेरी तासाभराची आणि वरचं संग्रहालय वेगळं, म्हणून गाडी आणि तुरुंग यांच्यात तीन तास तरी मोकळे ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट वाराची. किलकेनी हे आयर्लंडमधल्या लग्नाआधीच्या पार्ट्यांचं लाडकं गाव आहे. शुक्रवार-शनिवारी मैत्रिणींचे आणि मित्रांचे घोळके तिथं उतरतात. हॉटेलचे दर चढतात आणि मुख्य रस्त्यावर पहाटेपर्यंत गाणी चालतात. मंगळवार-बुधवारचं किलकेनी वेगळंच असतं. डब्लिनचे दर मात्र वारापेक्षा क्रोक पार्कवर अवलंबून. ८२ हजार प्रेक्षकांच्या त्या मैदानात मोठा सामना किंवा मैफल असली, की शहरात खोली मिळणं मुश्कील होतं. तारखा ठरवण्याआधी तिथलं वेळापत्रक बघून घ्यावं.

उजेडाचाही हिशेब करावा लागतो. जूनमध्ये डब्लिनला रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. नोव्हेंबरात जाणाऱ्याला संध्याकाळी पाचच्या आतच सूर्यास्त गाठतो, आणि बहुतेक ऐतिहासिक वास्तूंचा शेवटचा प्रवेशही त्याआधीच बंद झालेला असतो. त्या दिवसांत सकाळी आळस परवडत नाही.

व्हिसाबद्दल गैरसमज फार. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. युरोपच्या सहलीचा शेंगेन व्हिसा डब्लिनला चालत नाही. भारतात अर्ज करणाऱ्यांना २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना खुली आहे. व्हिसावर त्या योजनेचा शेरा असला, तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. हा शेरा नसेल तर डब्लिन-बेलफास्ट गाडीत बसायच्या आधी नीट विचार करावा. सीमेवर सहसा कोणी पासपोर्ट बघत नाही, नाके नाहीत, फाटक नाही. तरी पलीकडच्या उत्तर आयर्लंडमध्ये कायदा ब्रिटनचा आहे आणि परवानगी असणं ही प्रवाशाची जबाबदारी. ह्यूस्टन-वॉटरफर्ड मार्गावर हा प्रश्नच येत नाही.

एक चित्र आणि एक हुकलेलं गाव

डब्लिनमध्ये दीड दिवस आहे असं धरू. बहुतेकांचा पहिला ओढा ट्रिनिटी कॉलेजकडे असतो. इ.स. ८०० च्या सुमाराचा 'बुक ऑफ केल्स' हा सचित्र ग्रंथ तिथं आहे आणि तो बघण्यासारखाच आहे. पण त्याच तिकिटावरची लाँग रूम, ती ६५ मीटर लांबीची लाकडी ग्रंथशाळा, फोटोंत दिसते तशी आत्ता नाही. संवर्धनाच्या मोठ्या कामासाठी तिथले सुमारे दोन लाख ग्रंथ काढून नेले आहेत. रिकामी कपाटं बघायला मिळतात. एवढं आधी माहीत असलं, की हिरमोड होत नाही.

या मार्गावर निघणाऱ्यानं मात्र नॅशनल गॅलरी चुकवू नये. प्रवेश फुकट आहे. तिथं डॅनियल मक्लीजचं १८५४ च्या सुमाराचं एक प्रचंड चित्र आहे, तीन मीटरहून उंच आणि पाच मीटर रुंद. चित्रात लग्न लागतंय आणि भोवती प्रेतं पडली आहेत. नवरदेव नॉर्मन सरदार स्ट्रॉंगबो, नवरी लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा. साल ११७०, गाव वॉटरफर्ड. ईफाच्या बापानं आपलं गेलेलं राज्य परत मिळवायला नॉर्मनांना बोलावलं आणि मोबदल्यात मुलगी दिली. आयर्लंडवरच्या इंग्रजी सत्तेची कहाणी आयरिश माणसं इथून सांगायला सुरुवात करतात. उजेड पडलेली ईफा खाली मान घालून उभी आहे. चित्रकारानं तिच्यापेक्षा जास्त जागा रडणाऱ्या बायकांना दिली आहे.

स्ट्रॉंगबोची कबर क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमध्ये दाखवतात. वरचा दगडी पुतळा त्याचा नव्हे; मूळचा १५६२ मध्ये छप्पर कोसळून फुटला आणि दुसऱ्याच कुणाचा तिथं आणून ठेवला. तरी डब्लिनचे व्यापारी पुढेही त्या कबरीपाशीच देणीघेणी चुकती करत.

कॅथेड्रलच्या उतारावर, नदीच्या बाजूला, महापालिकेच्या कचेऱ्या आहेत. ही जागा वुड की. १९७० च्या दशकात इथं पाया खणताना व्हायकिंगांचं अख्खं गाव हाती लागलं: घरं, कुंपणं, लाकडी रस्ते, चामड्याचे जोडे. महापालिकेला कचेऱ्या बांधायच्याच होत्या. सप्टेंबर १९७८ मध्ये जवळपास वीस हजार माणसं रस्त्यावर उतरली. पुढच्या वर्षी लोकांनी ती जागा काही आठवडे ताब्यातही ठेवली. तरी इमारती झाल्या. सापडलेल्या वस्तू किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या, तिथंही प्रवेश फुकट आहे. ही हार डब्लिनच्या वाट्याला आली आणि पुढच्या पिढीला तिचा उपयोग झाला. वॉटरफर्डला गेल्यावर हे पटतं.

वेळ उरला तर डब्लिन किल्ल्यामागचं चेस्टर बीटी संग्रहालय बघावं. मोगल चित्रांचा तिथला साठा नावाजलेला आहे. आपल्याकडची चित्रं अशा निवांत खोलीत, गर्दीशिवाय बघायला मिळणं दुर्मीळ.

किलकेनी: पन्नास पौंडांचा किल्ला

गाडी किल्डेअरची घोड्यांची कुरणं, मग कार्लो मागे टाकते आणि किलकेनीत थांबते. इथं रूळ संपतात. पुढे वॉटरफर्डला जायला गाडी आली त्याच तोंडानं मागे फिरते आणि पुढे तोंड करून बसलेले प्रवासी उलटे प्रवास करू लागतात. उतरणाऱ्याला त्याचं काही नाही. त्यानं बॅग ओढत उतार उतरावा, नोर नदीचा पूल ओलांडावा, की डावीकडे किल्ला उभा.

स्ट्रॉंगबो आणि ईफाची मुलगी इझाबेल. तिचा नवरा विल्यम मार्शल यानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हा दगडी किल्ला बांधला. पुढे १३९१ मध्ये तो बटलर घराण्यानं विकत घेतला आणि हे घराणं साडेपाचशे वर्षं तिथं राहिलं. १९३५ मध्ये त्यांनी सामानाचा लिलाव केला आणि ते निघून गेले. तीस वर्षं किल्ला गळत, कुजत उभा राहिला. १९६७ मध्ये बटलरांच्या वारसानं तो ५० पौंडांना गावाच्या समितीला दिला. आज चार बुरुजांपैकी तीन उरले आहेत आणि एक पूर्ण बाजूच नाही. त्यामुळे अंगण थेट बागेत उघडतं. गावातली पोरं संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर खेळत असतात. किल्ल्यात फिरायला तिकीट आहे, बागेला नाही.

किल्ल्यापासून सेंट कॅनिस कॅथेड्रलपर्यंतचा रस्ता म्हणजे जुनं किलकेनी. अंतर मैलभरही नाही, पण त्याला अर्धा दिवस द्यावा. या गावाचा दगड काळा आहे. तो चुनखडीच, पण घासला की संगमरवरासारखा चमकतो. पाऊस पडून गेल्यावर खाली वाकून बघितलं, की काळ्या फरशीत पांढऱ्या रेघा दिसतात. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले आणि प्रवाळ आहेत. पादचारी त्यांवरून बाजाराला जात असतात.

मुख्य रस्त्यातून नदीच्या बाजूला अरुंद बोळ उतरतात. त्यांतल्या बटर स्लिपमध्ये लोणी विकणाऱ्या बायका बसत, हा बोळ १६१६ चा. जवळच ॲलिस काइटलर हिच्या नावाची खाणावळ आहे. ही बाई सावकारी करायची, तिची चार लग्नं झाली होती आणि सावत्र मुलं तिच्या पैशावर टपली होती. १३२४ मध्ये बिशप लेड्रेडनं तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवला. ॲलिसच्या ओळखी मोठ्या होत्या, ती निसटली. तिची मोलकरीण पेट्रोनिला हिच्या ओळखी नव्हत्या. तिला फटके मारून आरोप कबूल करायला लावले आणि ३ नोव्हेंबर १३२४ ला जिवंत जाळलं. खाणावळीच्या पाटीवर नाव मालकिणीचं आहे. गावात फिरताना पेट्रोनिलाचं नावही आठवावं.

याच गावात १३६६ मध्ये इंग्रजी सत्तेनं कायदे केले. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश भाषा बोलू नये, आयरिश बायका करू नयेत, हर्लिंग खेळू नये. हर्लिंग म्हणजे लाकडी काठी आणि चेंडूचा तो वेगवान मैदानी खेळ. आज काळे-पिवळे पट्टे घालणारा किलकेनीचा संघ देशातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी आहे आणि दर दुसऱ्या पोराच्या हातात काठी दिसते.

सेंट कॅनिसच्या आवारात सुमारे तीस मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. कॅथेड्रलपेक्षाही जुना. आत जिना नाही. एकावर एक लाकडी शिड्या, प्रत्येक मजल्यावर एक भोक, त्यातून खांदे आवळून वर जायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी मोह आवरावा. हवा वाईट असली तर चढणं बंदच असतं. वर पोचल्यावर मात्र गावाचा अख्खा नकाशा पायाखाली येतो: एका टोकाला बिशपचं कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला सरदाराचा किल्ला, मधे बाजार.

जेवणाबद्दल एवढंच, की पबच्या स्वयंपाकघरांचा गॅस रात्री नऊच्या सुमारास बंद होतो. शाकाहारी माणसाला भाज्यांचं सूप आणि जाड काळसर सोडा ब्रेड कुठंही मिळतो, आणि पावसात तो पोटभरीचा वाटतो.

वॉटरफर्ड: व्हायकिंग, सोनं, काच

वॉटरफर्डचं स्टेशन शूर नदीच्या उत्तर काठावर आहे आणि गाव दक्षिण काठावर. पूल ओलांडून धक्क्याच्या कडेनं चालत गेलं, की टोकाला रेजिनाल्ड्स टॉवर लागतो. व्हायकिंगांनी ९१४ मध्ये हे गाव वसवलं, म्हणून हे आयर्लंडचं सर्वांत जुनं शहर. बुरूज त्यांच्या तळाच्या जागेवर तेराव्या शतकात बांधलेला आहे. बाहेरून नीट बघितलं, तर दगडात रुतलेला तोफेचा गोळा दिसतो. तो १६५० च्या वेढ्यातला. आत चांदी-सोन्याची एक पतंगाच्या आकाराची पिन ठेवली आहे, अकराव्या-बाराव्या शतकातली. तिच्यावरचं काम बघायला भिंगाची गरज पडते.

बुरुजामागच्या तिकोनी भागात सगळी संग्रहालयं पाच मिनिटांच्या अंतरात आहेत. डब्लिननं वुड कीवर जे गमावलं त्याचं मोल इथं कळलेलं आहे. मध्ययुगीन संग्रहालयाची नवी इमारत तर तेराव्या शतकातल्या तळघरावरच उभी केली आहे. उतरून त्या दगडी कमानींखालून फिरता येतं. वर पंधराव्या शतकातले पाद्र्यांचे झगे आहेत. कापड इटलीचं, भरतकाम ब्रुज शहरचं, मखमलीवर सोन्याची जर. १६५० मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलचं सैन्य येतंय म्हटल्यावर ते कॅथेड्रलखाली दडवले. ज्यांनी दडवले त्यांच्याबरोबर ठिकाणही विसरलं गेलं. १७७३ मध्ये जुनं कॅथेड्रल पाडताना ते सापडले. पैठणीची जर ओळखणाऱ्या डोळ्यांनी इथं हवा तेवढा वेळ घ्यावा.

काचेचा कारखाना इथला दुसरा जीव. १७८३ मध्ये सुरू झाला, १८५१ मध्ये बंद, १९४७ मध्ये पुन्हा सुरू. २००९ मध्ये मोठा कारखाना अचानक बंद पडला आणि कामगार आतच ठाण मांडून बसले. वर्षभरानंतर, २०१० मध्ये, गावाच्या मध्यावर लहान कारखाना उघडला. तिथं ओतकाम ते कोरीवकाम सगळं हाताच्या अंतरावरून दिसतं. कोरणारा कारागीर पेल्यावर मार्करनं फक्त उभ्या-आडव्या रेघा आखून घेतो, नक्षी नव्हे. नक्षी त्याच्या डोक्यात असते. पेला फिरत्या चाकाला लावला, की हात किती दाबायचा हे तो आवाजावरून ठरवतो. चूक झाली तर दुरुस्ती नाही. सदोष वस्तू फोडून पुन्हा भट्टीत जाते. हिवाळ्यात शनिवार-रविवारी कारखाना दाखवतात का, याची आधी चौकशी करावी; कारागीर नसतील तर पैसे देऊन नुसतं दुकान बघितल्यासारखं होतं.

सकाळची न्याहारी ब्लाची. ब्ला म्हणजे वरून पीठ भुरभुरलेला मऊ पांढरा पाव, आपल्या लादीपावाचा चुलतभाऊ. २०१३ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. तो दुपारपर्यंत शिळा होतो, म्हणून गावकरी सकाळीच घेतात.

वगळलेली शहरं आणि एक जादा दिवस

कॉर्क, गॉलवे, लिमरिक आणि डेरी या बेतात नाहीत, आणि ती कमी दर्जाची म्हणून नव्हे. ज्याला बाजार आणि खाणं जास्त प्रिय, त्यानं ह्यूस्टनहून अडीच तासांचं कॉर्क धरावं. तिथला इंग्लिश मार्केट १७८८ पासून चालू आहे आणि शँडनच्या मनोऱ्यातल्या घंटा पाहुण्यांना वाजवू देतात. ब्रिटनमध्ये शिरण्याची परवानगी असेल तर डेरी. सतराव्या शतकातली त्याची तटबंदी अखंड आहे. दीड किलोमीटरची फेरी तटावरूनच होते, आणि १९७२ च्या ब्लडी संडेला ब्रिटिश सैनिकांनी जिथं मोर्चावर गोळीबार केला ती वस्ती त्या तटावरून खाली दिसते. पण डेरीला दोन रात्री हव्यात. एका दुपारीत ते गाव आटोपणं त्या गावावर अन्याय आहे.

ज्याच्याकडे पाचवी रात्र आहे त्यानंही आणखी एक शहर जोडू नये. वॉटरफर्डहून डंगारव्हनपर्यंत बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर २०१७ मध्ये ४६ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला आहे. जुने दगडी पूल, एक चारशे मीटरचा बोगदा आणि शेवटी समुद्र. सायकली भाड्यानं मिळतात आणि थकलेल्यांना परत आणायची गाडीही असते. सगळं अंतर जमणार नसेल, तर अर्ध्यावरच्या किलमॅकटॉमसपर्यंत जाऊन गावातला दगडी रेल्वेपूल बघून परतावं. विमान दुसऱ्या दिवशी असेल तर डब्लिन शहरात पुन्हा शिरायचंही कारण नाही. वॉटरफर्डहून बस थेट डब्लिन विमानतळावर जाते.